तार आणि लोणचं

ठाण्याच्या कोपरीतली ती वरची खोली मला दोन अटींवर मिळाली. पहिली अट काकूंची. खोलीत मासळी शिजणार नाही, तळली जाणार नाही, सुकी, ओली, डब्यातली, कुठल्याही रूपात जिना चढणार नाही. दुसरी अट काकांची. माझ्या बेस गिटारला गोल तारा चालणार नाहीत, चपट्याच हव्यात. मी मालवणकडची, त्यामुळे पहिली अट जिवावर आली. दुसरी ऐकून वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. राहायला गेल्यावर समजलं की पहिल्या अटीवर निदान गयावया तरी करता आली असती.

आता चपटी तार म्हणजे काय, ते सांगायला हवं. बेसची तार जाड असते, कारण मधल्या तारेवर दुसरी तार गुंडाळलेली असते. वरची ती तार गोल असली की बोटाखाली खरखरते, बोट सरकवलं की किंचाळते, आणि आवाज खणखणीत येतो. तीच पट्टीसारखी चपटी असली की सगळं गुळगुळीत, आणि आवाज खाली बसलेला, गादीवर मूठ मारल्यासारखा. दुकानात तिला फ्लॅटवाउंड म्हणतात. काका नुसतं चपटी म्हणत. मी फोनवर आईला सांगितलं, "जागा छान आहे, फक्त काका म्हणतात चपटीच हवी," तेव्हा आईने ताबडतोब दुसरी जागा बघायला सांगितलं.

बाकीचे घरमालक विचारतात की कुठे नोकरी करता, कोण कोण येणार-जाणार. काकांनी पहिल्या भेटीत मला म्हटलं, "हात पुढे कर." मी केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या बोटांची टोकं एकेक करून तपासली.

"गोल तार," ते दुःखाने म्हणाले. "घट्टे बघ. ही वाजवणाऱ्याची बोटं आहेत की नारळ सोलणाऱ्याची?"

"ऑफिसातल्या मुलांबरोबर वाजवते काका, शनिवार-रविवार. सगळेच गोल लावतात."

"सगळे म्हणजे कोण? सगळ्यांच्या खोलीखाली मी झोपत नाही. तुझ्या खोलीखाली झोपणार आहे."

मी मुकाट्याने चपट्या तारा लावल्या. आठवड्याभरात कुणी विचारायच्या आत मी त्यांच्या बाजूची झाले, पण ते काकांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यांनी भाडं सोडून बाकी सगळं बोलणं त्याच विषयावर आणलं असतं. तसंही ते आणतच होते.

काका उभी हयात कोलशेतच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत होते. दिवसा रंगाचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. गणपती, नवरात्र, पूजा, कुणाची एकसष्टी. त्यांचा बेस जपानी बनावटीचा, हॉलमध्ये खिळ्यावर टांगलेला, त्याला काकूंनी जुन्या पडद्याचा झगा शिवलेला. त्याच्यावरच्या तारा त्यांच्या मित्राने कुठल्याशा बंदरातून आणून दिलेल्या. मित्र कोलशेतकडचा, ख्रिश्चन, ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवायचा आणि मधूनमधून बोटीवर जायचा. काका त्याला खलाशी म्हणत आणि तो काकांना भटा म्हणे. खलाशाने तारा हातात ठेवताना म्हटलं होतं म्हणे, "या तारा आपल्या दोघांना पुरतील रं." तेव्हापासून त्या तारा एकदाही उतरल्या नव्हत्या.

"तार आणि लोणचं," काका म्हणत, "जितकं मुरेल तितकं बरं. आणि दोघांनाही ओला हात लावायचा नाही."

हा त्यांचा सिद्धांत. तारेला घाम लागला पाहिजे, बोटांचं तेल लागलं पाहिजे, वर्षानुवर्षांचं कीट आत जाऊन बसलं पाहिजे. त्यातून सूर येतो. म्हणून वाजवायला बसण्याआधी ते हात धुवायचे नाहीत, आणि तारा कुणी पुसायच्या नाहीत. काकू घरातली प्रत्येक वस्तू पुसायच्या, त्या खिळ्याच्या आसपासचा भिंतीचा तुकडासुद्धा. पण झग्याला हात लावायच्या नाहीत.

माणसंही त्यांनी दोन प्रकारांत वाटून टाकलेली होती. गोल आणि चपटी. सोसायटीचे सेक्रेटरी अस्सल गोल, नुसतं सरकले तरी आवाज. सकाळी फुलपुडी टाकून जाणारा चपटा, आला कधी गेला कधी पत्ता नाही. मी एकदा आगाऊपणे विचारलं, "आणि काकू?" त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "चपटी. म्हणून तर टिकली."

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला.

"बघ," काका खूश होऊन म्हणाले. "गोल तार बोलते, चपटी तार ऐकते."

गणपतीच्या आरतीत सगळी सोसायटी वरच्या पट्टीत भांडण करत असायची. काका मागे भिंतीला टेकून, डोळे मिटून फक्त खालचा सूर म्हणायचे. शब्द नाहीत, नुसतं दुम, दुम, दु-दुम. पाण्याच्या टाकीचा पंप आणि काका एकाच सुरात असल्यामुळे मुलं त्यांना पंपकाका म्हणत. काकांना याचा राग नव्हता. त्यांचं म्हणणं, पंप चालू असताना कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, बंद पडला की सगळे गच्चीवर धावतात, आणि बेसचंही नेमकं तेच आहे.

हे त्यांनी एकदा सिद्धही केलं होतं. एका नवरात्रात त्यांचा बेस दुरुस्तीला गेला होता. आयोजकांनी कौतुकाने दुसरा आणून दिला, नवा, लालभडक, लांबून दिसेल असा. त्याला गोल तारा. काकांनी तो मांडीवर घेतला, हाताची घडी घातली आणि पूर्ण कार्यक्रम तसेच बसून राहिले. गायक वळून बघायचा, काका मान डोलवायचे. निवेदकाने त्यांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी उठून नमस्कार केला आणि परत घडी घालून बसले. दुसऱ्या दिवशी दोघातिघांनी म्हणे विचारलं, काल आवाज जरा पातळ वाटत होता का हो? ही हकिगत सांगताना काकांचा चेहरा शाल-श्रीफळ मिळाल्यासारखा व्हायचा. "दुसऱ्या तारेवर मी वाजवत नाही," शेवटी ते म्हणायचे. "नाही म्हणजे नाही."

दर रविवारी सकाळी ते बेस खांद्याला लावून कोलशेतला खलाशाकडे प्रॅक्टिसला जायचे. ऑर्केस्ट्रा केव्हाच मोडला होता, कार्यक्रम कसलाही नव्हता, पण प्रॅक्टिस चालू. दुपारी परत यायचे ते तोंडात मोठं थोरलं पान कोंबून, गाल फुगवून, कुणाशी न बोलता. आले की झगा काढून, हात न धुता, तासभर वाजवत बसायचे. रविवारी दुपारचं त्यांचं वाजवणं मला वर ऐकू यायचं आणि ते आठवड्यातलं सगळ्यात चांगलं असायचं. मी ते मैत्रीच्या खात्यावर जमा केलं होतं.

मग एका वर्षी खलाशाचं ठरलं. बायको आधीच गेलेली, फुप्फुसं थकलेली, ट्रंपेट कपाटात गेलेला. कॅनडातल्या मुलीने बोलावलं, कायमचं. कोजागिरीनंतर दोन दिवसांनी विमान. काका ही बातमी घेऊन आले तेव्हा त्यांच्या तोंडात पान होतं, त्यामुळे ती त्यांनी कागदावर लिहून दाखवली. पान थुंकून आल्यावर एवढंच म्हणाले, "कोजागिरीला त्याला इकडे बोलावलंय. गच्चीवर. शेवटचं एकदा वाजवू." त्यानंतर दोन दिवस त्यांनी कुणालाही गोल म्हटलं नाही. मला ते बघवेना.

त्यात त्यांनी नवरात्रात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मोतीबिंदू पिकला होता हे खरं. घराची साफसफाई चुकवायला नेमका मुहूर्त काढला हे काकूंचं म्हणणंही खरं. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चिडायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. काका आतल्या खोलीत डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बांधून राजासारखे पडून होते.

दरवर्षी खंडेनवमीला बेसची पूजा ते स्वतः करायचे. एक झेंडूचं फूल वर खुंट्यांपाशी खोचायचं, तारांना हळदकुंकू नाही, पाण्याचा हात नाही. त्या वर्षी पूजा काकूंवर आली, आणि काकूंच्या मदतीला डोंबिवलीहून मावशी आल्या.

मावशी म्हणजे काकूंची धाकटी बहीण. डोंबिवलीतल्या त्यांच्या घरात चहाची गाळणीसुद्धा तोंड बघून भांग पाडता येईल इतकी स्वच्छ. खंडेनवमीला विळी, कात्री, सुऱ्या, शिवणयंत्र, मिक्सरचं पातं, सगळं घासून मांडायचं असतं, म्हणजे मावशींची दिवाळीच. काकू फुलं आणायला टेंभी नाक्याकडे गेल्या. तेवढ्यात मावशींनी बेसचा झगा उतरवला.

त्यांचं पुढचं वागणं मी नंतर पुष्कळ तपासून पाहिलं, पण मला त्यात दुष्टावा सापडला नाही. देवापुढे अशा कळकट तारा ठेवायच्या कशा, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मोबाइलवर बघितलं. एक मुलगा सांगत होता, गिटारच्या तारा उकळल्या की नव्यासारख्या होतात. तो खोटं सांगत नव्हता. गोल तारांच्या बाबतीत ते खरंच आहे. मावशींनी खुंट्या पिळून तारा उतरवल्या, चकलीसारख्या वळल्या आणि चिंच, रिठे, चमचाभर सोडा घालून कुकरला लावल्या.

मी वर कपडे वाळत घालत होते. पहिली शिट्टी झाली आणि खालून वास आला. मला एकदम घर आठवलं. दुपारची वेळ, बाहेर ऊन, चुलीवर तवा. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तशीच तरंगत जिना उतरले तर दारात काकू, हातात फुलांची पिशवी, नाकाला पदर.

"तुझ्या खोलीतून येतोय हा वास?"

"काकू, माझी खोली वर आहे. वास खालून वर येतोय."

आम्ही दोघी वासाच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. मावशी अभिमानाने कुकरपाशी उभ्या होत्या. झाकण काढलं. आत तारा चांदीसारख्या लखलखत होत्या, आणि पाणी काळं, त्यावर तेलाचा तवंग.

"अगं, काय मेलंय यात?" मावशी म्हणाल्या.

"सुका बोंबील," मी म्हणाले. तोंड बंद ठेवायला हवं होतं, पण मालवणच्या माणसाला कुणी हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप येतं.

काकू स्टुलावर बसल्या. कुकरकडे बघत राहिल्या. सोवळ्यातल्या घरात, नवरात्रात, त्यांच्या वरणाच्या कुकरात रविवारची सगळी प्रॅक्टिस उकळून वर आली होती.

"मला वाटायचं, तिकडे पितात," त्या शेवटी म्हणाल्या. "पिण्याचं मी गृहीत धरलं होतं. पान त्यासाठीच खातात म्हटलं. बिचारे पुरुष आहेत, रविवार आहे, जाऊ दे म्हटलं. पण हे?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला. "अगं, छान... म्हणजे, कसला वास येतोय?"

"उंदीर मेलाय," काकू ओरडल्या.

"अरेरे," काका म्हणाले. त्या अरेरेमध्ये उंदराबद्दल काहीच नव्हतं.

काकूंना खरं तर तेव्हाच आत जाऊन सोक्षमोक्ष लावायचा होता. पदर खोचूनही झाला होता. पण मी तारा परत चढवायला घेतल्या आणि पहिली जाड तार पिळताना तिचं वेटोळं सुटलं. दुसरी खुंटीपाशी तुटली. इतक्या वर्षांच्या चपट्या तारा एकदा उतरवल्या की परत तो ताण सोसत नाहीत. उरलेल्या दोन भांड्यासारख्या वाजल्या. काकूंनी खोचलेला पदर सोडला.

"ते दुसऱ्या तारांवर वाजवणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तो माणूस तर जायचाय. परत काही भेट नाही व्हायची दोघांची या वयात." मग उठल्या. "भांडण कोजागिरीनंतर. आधी तारा."

ठाण्यात स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात मी एकटीच जाणार होते, पण काकू म्हणाल्या, मी येणार. पर्समध्ये तुटलेल्या तारेचा तुकडा रुमालात बांधून घेतला होता.

"फ्लॅटवाउंड?" दुकानदार म्हणाला. "कोण घेतं ओ मॅडम आजकाल? राउंड घेऊन टाका ना, एकदम कडक आवाज."

"चपट्याच," काकू म्हणाल्या. "आणि उघडून दाखवा. हात लावून बघणार."

"काकी, साडी नाय ही."

"साडीपेक्षा महाग आहे. दाखवा."

त्याने काउंटरवर पाकिटं मांडली. काळ्या नायलॉनच्या पट्टीच्या होत्या, त्या मी आधीच बाजूला केल्या, त्यांचा आवाज रबरी येतो. फार जाड तारा घेतल्या तर ताण वाढून जुन्या बेसची मान वाकली असती, शिवाय काकांची बोटं आता म्हातारी. फार बारीक घेतल्या तर सूर खाली बसणार नाही. राहिल्या दोन. एक निकेलच्या, मध्यम, आवाज मवाळ, काकांच्या जुन्या तारांच्या जवळ जाणारा. दुसऱ्या स्टीलच्या, जरा कडक. मी निकेलच्या उचलल्या.

"त्या नाही. या," काकूंनी स्टीलच्या उचलल्या.

"काकू, या चमकदार वाजतात."

"वाजू देत. टोकाला दोरा बघ. मरून आहे. आपल्या तारांचाही मरून होता." त्यांनी रुमाल सोडला. चपट्या तारांच्या टोकांना रेशमी दोरा गुंडाळलेला असतो. जुन्या तुकड्यावरचा खरंच मरून होता, आणि निकेलवरचा काळा.

"पण आवाज?"

"त्यांचे कान म्हातारे झालेत. डोळा मात्र कोरा करकरीत आहे," काकू म्हणाल्या. "आधी डोळ्याला फसवलं पाहिजे."

दुकानदाराने कुतूहलाने तो जुना तुकडा उचलून नाकाशी नेला. "काकी, याला वास मारतोय."

"मारणारच," काकू थंडपणे म्हणाल्या.

शेवटी तह झाला. तारा माझ्या कानाने घेतलेल्या निकेलच्या, आणि त्यांच्या टोकांच्या काळ्या दोऱ्यावर काकूंनी घरी येऊन मरून दोरा गुंडाळला. फॉल-पिकोच्या डब्यातला, इतक्या सफाईने की मलाच शंका यावी.

डोळ्याची व्यवस्था झाली. पण नवी तार ती नवीच. चपटी असली तरी सुरुवातीला चुरचुरते. मुरायला काही महिने लागतात आणि आमच्याकडे कोजागिरीपर्यंतचेच दिवस होते. तेल पाहिजे, कीट पाहिजे.

"बोंबील..." मी सुचवून पाहिलं.

काकूंनी नुसतं बघितलं. "या घरात जन्मात नाही. भजी तळते."

त्यानंतर रोज भजी झाली. झुरळांचं औषध मारलंय असं काकांना सांगून बेस माझ्या खोलीत आणला. मावशी डोंबिवलीला जायचं सोडून प्रायश्चित्त म्हणून कढईपाशी उभ्या राहिल्या. मी ऑफिसमधून आले की बटाट्याची भजी खायची, हात न पुसता वाजवायचं, पुन्हा भजी, पुन्हा वाजवायचं. मावशी जिन्यावरून ओरडायच्या, "मुरतायत का गं?" खाली काका वाटीआडून तक्रार करत. "रोज भजी होतायत आणि मला एक नाही?"

"तळकटाने खोकला होईल तुम्हाला. डोळ्यावर ताण येतो."

मग वाटी निघाली आणि काकांना जग दिसायला लागलं. "अगं, हा पंखा पांढरा आहे!" ते ओरडले. "मला वाटत होतं आपण क्रीम घेतला." भिंतीवरचे डाग, काकूंच्या साडीवरची बुट्टी, सेक्रेटरींचे रंगवलेले केस, सगळ्यांवर त्यांनी मत दिलं. आम्हा तिघींचे चेहरे मात्र पडत चालले. असा डोळा गच्चीवर बेस बघणार होता.

कोजागिरीला माणसं लवकरच जमली, कारण सगळीच पिकलेली. खलाशी काठी टेकत आला. बरोबर ट्रंपेट नाही, पण खिशात त्याचं तोंडाला लावायचं पितळी टोक होतं. "पूर्ण वाजवायला दम नाय," तो म्हणाला, "येवढं फुकीन." डॉक्टरांनी काकांना मांडीवर बेस घ्यायची परवानगी दिली होती. मी झगा काढून बेस हातात दिला. मावशी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

काकांनी जाड तार छेडली. थांबले. बोटं नाकाजवळ नेली. काकूंचा मसाला दुधातला डाव पातेल्यातच राहिला.

"काय रं भटा," खलाशी म्हणाला, "तारा त्याच हायेत ना?"

काकांनी नव्या डोळ्याने मरून दोऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दुधाच्या पातेल्याकडे, बराच वेळ. आता हाताची घडी घालणार, मला वाटलं.

"त्याच," काका म्हणाले, आणि वाजवायला लागले.

खलाशाने खिशातलं पितळी टोक ओठांना लावलं. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ज्या धुनेने सुरू व्हायचा ती धून होती. त्या एवढ्याशा टोकातून ती कानाशी डास गुणगुणावा तशी येत होती, मधेच दम तुटत होता, एखाददुसऱ्या जागी नुसताच वारा. पण खाली काका होते. जिथे त्याचा श्वास संपायचा तिथे काकांचा सूर थांबून राहायचा, तो परत येईपर्यंत. धून पडली नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण मावशी टाकीमागे माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होत्या.

खलाशी निघाला तेव्हा मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वरून चिकटपट्टीने आवळलेलं एक पुडकं माझ्या हातात कोंबलं. "तू तिकडची ना? तुला कळंल. भटाला दे. म्हन, तारांसाटी." रिक्षा गेली. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

"भजी कशाची होती गं?" त्यांनी न वळता विचारलं.

"बटाट्याची," मी म्हणाले.

"बेसन जास्त झालंय. वरच्या दोन तारांवर जरा चिकट बसलंय."

"मग वाजवलंत कसं काका? तुम्ही तर दुसऱ्या तारांवर..."

"तारा दुसऱ्या होत्या. ऐकणारा तोच होता ना." आणि कठड्याला धरून ते हळूहळू वर चढले.

मी पुडकं पाठीमागे धरून जिन्यात उभी. वरून काकू पातेलं घेऊन उतरत होत्या. त्यांचं नाक एकदा हललं. "काय आहे ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. "घट्ट झाकणाच्या डब्यात घाल आणि वर ठेव. उघडू नकोस."

कोजागिरी झाली, विमान गेलं, मावशी डोंबिवलीला गेल्या. ठरलेलं भांडण मात्र झालं नाही. काकू रोज सकाळी भांडायच्या तयारीने उठायच्या आणि काकांकडे बघून चहा टाकायच्या. काका रविवारी कपडे करून बसायचे आणि मग कुठे जायचं ते न आठवल्यासारखे बसूनच राहायचे. बेस खिळ्यावर. एका रविवारी मी खाली गेले तर ते वाजवायला बसले होते, पण त्याआधी बेसिनपाशी जाऊन हात धुऊन आले होते. साबण लावून. मी घाबरून वर पळाले.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. काकू होत्या, हातात जुना लोखंडी तवा.

"हा तवा परत खाली येणार नाही," त्या म्हणाल्या. "आता तुझाच. मी भजनाला चालले आहे, आरती होईपर्यंत येत नाही. खिडक्या सगळ्या उघड. तो डबा आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

"आणि त्यांना सांग, खाऊन झाल्यावर हात धुवायचे नाहीत. हे तारांसाठी आहे. लाड नाहीत कुणाचे."

त्या उतरायला लागल्या. खालून काका चढत होते, खांद्याला बेस, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांना काकूंनीच वर जायला सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. पण मी तेवढ्यात डबा उघडला होता, अर्ध्या जिन्यात त्याचा वास त्यांच्या नाकापर्यंत पोचला होता आणि ते एका पायरीवर थिजले होते. दोघं समोरासमोर आले.

"मी जरा," काका म्हणाले, "वर, म्हणजे हिच्याकडे... प्रॅक्टिसला."

काकूंनी भिंतीला अंग चोरून त्यांना आणि बेसला वाट दिली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "येताना पान खाऊन या."